माझी मान, त्यांचे कान

सात वर्षं मी चिनी मुलांचे कान तपासले. मी डॉक्टर नव्हे. कान तपासायचे म्हणजे त्यांना इंग्रजी ऐकून किती कळतं ते बघायचं, आणि जोडीला वाचून किती कळतं तेही. गेल्या महिन्यात नातीला शाळेसाठी घरातल्या कुणाच्या तरी नोकरीवर निबंध लिहायचा होता. मी तिला तासभर सगळं समजावून सांगितलं. तिने वहीत एक ओळ लिहिली आणि म्हणाली, "सो आजी, यू जस्ट रेड थिंग्ज आउट लाउड?" सात वर्षं एका ओळीत आटोपली. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या अंकात चार पानं मागून घेतली आहेत.

२००१ साली आम्ही अमेरिकेत सनीव्हेलला आलो. आमचे हे चिपच्या कंपनीत लागले होते. मी नागपूरच्या मुलींच्या शाळेत अठरा वर्षं इंग्रजी शिकवून आले होते, आणि आपल्याला इंग्रजी येतं हा समज विमानातून सोबत आणला होता. कस्टमवाल्यांनी लोणचं काढून घेतलं, समज राहू दिला. उलट करायला हवं होतं.

घराजवळ एक खाजगी हायस्कूल होतं. चीनमधून दर वर्षी चाळीसेक मुलंमुली तिथे यायची, पंधरा ते सतरा वर्षांची. आईवडील तिकडे, ही इकडे कुणा नातेवाइकाकडे किंवा अमेरिकन कुटुंबात. वर्ग सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये त्यांची परीक्षा व्हायची आणि निकालावरून पायरी ठरायची. पहिल्या पायरीवर वर्षभर नुसतं इंग्रजी, म्हणजे शाळेचं एक वर्ष वाढलं. दुसऱ्या पायरीवर इंग्रजीसोबत इतिहास, विज्ञान, सगळं. तिसरी पायरी थेट अमेरिकन मुलांच्या वर्गात, तिथे एखाददुसराच पोचायचा. दुसऱ्या पायरीच्या वर्गात जागा बारा. सगळी चढाओढ त्या बारा जागांची.

तिथल्या परीक्षा विभागात मला नोकरी लागली. परीक्षा विभाग म्हणजे कॅथी. उंच, वाळकी, साठीची बाई. इथे साहेबाला नावाने हाक मारतात हे मला ठाऊक होतं, पण जीभ वळायची नाही. मी मनातल्या मनात "कॅथीताई" म्हणायचे आणि मोठ्याने नुसतंच "कॅथी". मधला "ताई" गिळताना दर वेळी एक अडखळ यायची. तिला वाटायचं मला बोलायचा त्रास आहे.

कॅथीने मला हा धंदा शिकवला. वाचनाची परीक्षा सोपी: उतारा छापलेला, खाली प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने "गराज सेल"वर, म्हणजे घरातलं जुनं सामान गराजमध्ये मांडून विकतात त्यावर, उतारा लिहिला. चाळीसच्या चाळीस मुलं पहिल्या प्रश्नाला चुकली. त्यांना वाटलं, हे कुटुंब आपलं गराज विकतं आहे. मी कॅथीला म्हटलं, काय ही मुलं. तिने मला विचारलं, तू आलीस तेव्हा तुला माहीत होतं? मला आठवलं, आल्या आल्या मी ह्यांना सांगितलं होतं की समोरचे लोक बहुतेक अडचणीत आहेत, गराज विकायला काढलंय. तेव्हा पहिला धडा मिळाला: सगळेच चुकले, तर चूक प्रश्नाची.

दुसरा धडा मुलांनीच दिला. ही मुलं परीक्षांवर वाढलेली. त्यांच्याकडे म्हणे बारावीला अशी परीक्षा असते की तिच्यापुढे आपली बोर्डाची परीक्षा म्हणजे हळदीकुंकू. ती उतारा न वाचताच उत्तरं द्यायची आणि बरोबर द्यायची. कारण मी मास्तरीण. बरोबर उत्तर अगदी बिनचूक असावं म्हणून त्यात दोन शब्द जास्त घालायचे. तीन पर्यायांतला सगळ्यात लांब तो बरोबर, हे त्यांनी दुसऱ्या पानावर पोचायच्या आत ओळखलं होतं. त्यानंतर मी पट्टी घेऊन पर्याय मोजायला लागले.

ऐकण्याची परीक्षा कॅसेटवर. एक आवाज उतारा वाचणार, मग प्रश्न, मग ए, बी, सी हे तीन पर्याय. मुलांच्या कागदावर फक्त ए, बी, सी ही अक्षरं. योग्य त्याला गोल करायचा. असे तीस प्रश्न. चीनमधून येणाऱ्या मुलांचं साधारण ठरलेलं असायचं: वाचन चांगलं, ऐकणं कच्चं. पुस्तकातून शिकलेली भाषा कानापर्यंत पोचायला वेळ लागतो. वाचनात पंचवीस मिळवणारा पोरगा ऐकण्यात दहावर यायचा, आणि कुणाला त्याचं नवल वाटायचं नाही.

२००५ सालच्या ऑगस्टमध्ये, परीक्षेच्या आदल्या दिवशी, टेपरेकॉर्डरने ती कॅसेट खाल्ली. मी पेन्सिल घालून टेप गुंडाळली, परत लावली, तर बाईचा आवाज म्हशीसारखा यायला लागला. कॅथी कपाळाला हात लावून बसली. तेव्हा मी पुढे झाले. मी वाचते, म्हटलं. अठरा वर्षं वर्गात वाचलंय, माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. कॅथीला फारसं पसंत नव्हतं, पण इलाज नव्हता. तिने एकच नियम घालून दिला: वाचणाऱ्याने वाचायचं, समजावायचं नाही. सपाट आवाज, एकच वेग, चेहरा कोरा.

मी आरशासमोर चेहरा कोरा करायची तालीम केली. हे दाढी करायला थांबले होते. त्यांनी विचारलं, तुझं पोट दुखतंय का.

परीक्षा दोन दिवस होती, मंगळवारी वीस मुलं, बुधवारी वीस. मी खास ठेवणीतला निळा पंजाबी ड्रेस घातला, ओढणी नीट पिन केली, आणि वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू. मुलं अशी टक लावून माझ्याकडे बघत होती की नागपूरला अठरा वर्षांत एकही वर्ग तसा बसला नव्हता. मला वाटलं, ह्याला म्हणतात ऐकणं.

बुधवारी एक मुलगी मात्र वेगळी निघाली. युलान तिचं नाव. ही मुलं येताना एक इंग्रजी नावही घेऊन यायची, स्वतःच निवडलेलं. त्या वर्षी एक ॲपल होती, एक संडे होता, आणि विनर नावाचा एक उंच पोरगा होता. युलानने तसलं काही घेतलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत बसली, मी वाचायला लागले आणि तिने डोळे मिटले. मी दोनदा खाकरले. डोळे उघडून ती उत्तराला गोल करायची आणि परत मिटून घ्यायची. माझ्यासारख्या वाचणारीपुढे कुणी झोप काढतंय, हे मला झोंबलं.

निकाल लागला. ऐकण्यात मुलांना चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. वाचनापेक्षा ऐकण्यात जास्त. असं कधीच झालं नव्हतं. कॅथी कागद उलटसुलट करून बघत राहिली. मी तिला नम्रपणे म्हटलं की कॅसेटवरच्या बाईचे उच्चार बहुधा स्पष्ट नसावेत. घरी येऊन ह्यांना सांगितलं. नागपूरला बहिणीला पत्र लिहिलं, त्यात माझ्या वाचनाचा परिच्छेद दीड पानांचा होता.

युलानला वाचनात सत्तावीस होते, चाळीस जणांत सगळ्यात जास्त. ऐकण्यात अकरा. दोन्ही विषयांत किमान गुण लागायचे, त्यामुळे ती पहिल्या पायरीवर गेली. फॉर्मवर शेऱ्याची जागा असते. मी तिथे लिहिलं, "लक्ष नाही."

दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला आली. दोन्ही हात पुढे जोडून उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलली. ती फ्रीमाँटला मावशीकडे राहायची. मावशीने दोन वर्षं ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, नंतर मावशीचं कुटुंब दुसऱ्या राज्यात जाणार होतं. दोन वर्षांत शाळा संपली तर ठीक. पहिली पायरी म्हणजे तीन वर्षं, म्हणजे अर्ध्यावर सोडून परत. तिला परत एकदा परीक्षा देता येईल का, एवढंच तिने विचारलं.

मी नियम सांगितला. वरून उपदेश केला, की परीक्षेत वाचणाऱ्याकडे लक्ष द्यावं, बाकीची मुलं कशी बघत होती, त्यांच्याकडून शिकावं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग "थँक यू, टीचर" म्हणून गेली.

वर्ग सुरू झाले. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पायरीचा इतिहासाचा मास्तर कॅथीकडे तक्रार घेऊन आला, की ह्या मुलांना मी बोललेलं काही समजत नाही. मी तिथेच होते. माझं काय मत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुम्ही जरा स्पष्ट बोलून बघा. आज हे लिहिताना माझे कान तापले आहेत.

पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनच्या मागच्या बाजूने चालले होते. तिथे झाडाखाली चिनी मुलांचा घोळका हसत होता. मधे विनर उभा. त्याने स्वेटर ओढणीसारखा दोन्ही खांद्यांवर टाकला होता आणि हातात कँटीनचा मेनू धरून तो वाचत होता. "ए. पिझ्झा." चेहरा कोरा. "बी. टोमॅटो सूप." आणि इथे त्याची मान डाव्या खांद्याकडून उजव्या खांद्याकडे अशी हळूच, लाडाने डोलली. घोळका एका सुरात ओरडला, "बी!"

मला आधी हसूच आलं. मास्तरांच्या नकला होतात, त्यात काय. मी चार पावलं पुढेही गेले. मग ती मान मला ओळखीची वाटली. माझ्या आईची मान, माझ्या हेडबाईंची मान, वर्गात पोरीने पाढा बरोबर म्हटला की आपोआप डोलणारी माझी मान. आपल्याकडे बरोबर ऐकू आलं की मान डोलतेच, त्याला आपण काही करत नाही. मी चेहरा कोरा ठेवला होता. मानेचा आरशात विचारच केला नव्हता.

मी मागे फिरले. विनर अजिबात कचरला नाही. मी विचारलं तर त्याने सभ्यपणे, उदाहरणासकट समजावून सांगितलं. पहिल्या पाच प्रश्नांत त्याच्या लक्षात आलं होतं. त्याच्या देशात शिक्षकांचं डोकं हलत नाही, त्यामुळे हललं की दिसतंच. मंगळवारच्या मुलांनी बुधवारच्या मुलांना सांगितलं. पर्याय काय आहेत ते ऐकायची गरजच पडली नाही. आणि मग माझं सांत्वन करावं म्हणून असेल, तो म्हणाला, "टीचर, युअर हेड इज व्हेरी काइंड."

तीस प्रश्नांना मी तीस वेळा मान डोलावली होती, दोन दिवस, ठेवणीतल्या ड्रेसमध्ये. नागपूरच्या अठरा वर्षांतल्या तोंडी परीक्षांचं काय झालं असेल, हा विचार मी तेव्हा केला नाही. आजही करत नाही.

मी विनरला एकच विचारलं, युलानला माहीत होतं का. माहीत होतं, तो म्हणाला, मीच सांगितलं.

युलान वाचनालयात होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. तुला ठाऊक होतं तर तू डोळे का मिटलेस, असं मी विचारलं, आणि माझा आवाज थोडा चिडका होता, कारण चूक आपली असली की मी आधी चिडते.

ती म्हणाली, "टीचर, ती ऐकण्याची परीक्षा होती."

तिने शब्द शोधले आणि पुढे म्हणाली, "उघडे ठेवले असते तर दिसलं असतं. मग मला किती ऐकू येतं, ते मलाच कळलं नसतं."

आणि मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, बाकीची मुलं परत खाली आली असती. बस एवढंच.

ह्यावर कुणीही शहाणी बाई त्याच पावली कॅथीकडे गेली असती. मी घरी गेले. वर्ग बदलायची मुदत शुक्रवारी चारपर्यंत होती आणि मी बुधवारची संध्याकाळ आणि अख्खा गुरुवार स्वतःशी वाद घालत काढला. सांगितलं तर नोकरी जाईल. बारा मुलांचे वर्ग बदलतील, त्यांचे आईबाप चीनमधून फोन करतील. सगळी शाळा हसेल. शिवाय बहिणीला ते दीड पान गेलं होतं. युलानबद्दल मी मनात म्हणत होते की पोर हुशार आहे, तिचं काहीतरी होईल. हे "काहीतरी होईल" मी आयुष्यात फार वेळा म्हटलंय, आणि दर वेळी दुसऱ्याच्या बाबतीत.

गुरुवारी जेवताना ह्यांना सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. त्यांचं काम चिप तपासायचं. वरण कालवत म्हणाले, "आमच्याकडे एकदम सगळ्या चिप पास व्हायला लागल्या ना, तर आम्ही आनंद नाही करत. लाइन बंद करून आधी टेस्टर तपासतो."

"आणि टेस्टर बिघडलेला निघाला तर?"

"तर त्याने नापास केलेली चिप फेकत नाहीत, परत लावून बघतात. तू वरण घेणार का अजून?"

सगळेच चुकले तर प्रश्न तपासायचा, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. सगळेच बरोबर आले तर काय तपासायचं, हे मात्र तोवर सुचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी कॅथीसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तिला कळेना. तिने मला करून दाखवायला सांगितलं. मी तिच्या टेबलावरचं स्टेपलरचं माहितीपत्रक घेऊन वाचलं आणि तीन पर्याय तयार केले, आणि दुसऱ्यावर, मी सगळी ताकद लावून आवरत असताना, मान गेली. कॅथी हसली. चष्मा काढून, टेबलावर डोकं ठेवून हसली. ही बाई हसू शकते हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. मग तिने डोळे पुसले, चष्मा घातला आणि विचारलं, तुला कधी कळलं?

बुधवारी, मी म्हटलं.

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली. त्यानंतर ती हसली नाही. नोकरी गेली नाही, पण ते तीन शब्द मी सात वर्षांच्या पगारात धरते.

दुपारी एक वाजता चाळीसही मुलांची परत परीक्षा झाली. नवा उतारा, नवे प्रश्न. वाचणारी मीच, कारण कॅसेट अजून आली नव्हती. फक्त मला शेजारच्या सामानाच्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि हातात शाळेच्या घोषणांचा माइक दिला. मी बादल्या आणि पोछे ह्यांच्यामधे बसून तीस प्रश्न वाचले. तिथे मान मनसोक्त डोलावली.

मुलांना सात, नऊ, आठ मिळाले. विनरला सहा. युलानला परत अकराच. सगळ्यांत तिसरी. अकरा हे दुसऱ्या पायरीच्या जुन्या किमान गुणांपेक्षा जास्त होते. माझ्या वाचनाने निकाल फुगला म्हणून त्या वर्षी आम्ही किमानच वर नेलं होतं. कॅथीने ते खाली आणलं आणि पावणेचारला युलानचा फॉर्म सही करून पाठवला. विनर पहिल्या पायरीवर गेला. त्याच्या वडिलांचा फोन आला, तो मी घेतला. ते चिनीत ओरडत होते आणि विनर शेजारी उभा राहून मला भाषांतर करून सांगत होता, "माय फादर सेज हॅलो." त्याला एक वर्ष जास्त लागलं. तो लबाड होता हे खरं, पण तीस वेळा उत्तर दाखवलं मी, आणि वर्ष गेलं त्याचं. हे माझ्या मनातून जात नाही.

युलानला मी ऑफिसमध्ये बोलावलं. अठरा अधिक चार वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती, त्यामुळे सवय नव्हती. बरंच लांबण लावलं. परीक्षकाची जबाबदारी वगैरे. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "टीचर, अकरा खरे आहेत. पण अकरा कमी आहेत."

म्हणून त्या वर्षी रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिला वीस मिनिटं वाचून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून बसायची, डबा मांडीवर. पेपरातल्या बातम्या, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना, बहिणीच्या पत्राचं माझं भाषांतर, मिळेल ते. ऐकून झालं की ती मला काय कळलं ते सांगायची. कधीकधी तिच्या तोंडून ऐकताना मला कळायचं, की मी हे वाचलं पण समजून घेतलं नव्हतं.

जूनमध्ये परत परीक्षा झाली. आता नवी कॅसेट होती. तिला तेवीस मिळाले, म्हणजे पुढच्या वर्षी तिसरी पायरी, आणि शाळा दोन वर्षांत नक्की. तिने विचारलं, ऑफिसमधून आईला फोन लावू का. कॅथीने लावून दिला.

मी बाहेर जायला हवं होतं, गेले नाही. पाच मिनिटं ती चिनीत बोलत होती आणि मी सगळे कान लावून ऐकत होते. एकही शब्द कळला नाही. मधेच एकदा "टीचर" असं आलं, मग ती माझ्याकडे बघून खुदकन हसली, आणि पलीकडून तिची आईही हसलेली मला ऐकू आलं. काय सांगितलंस म्हणून विचारावंसं फार वाटलं. पण ज्या बाईला तीसपैकी शून्य मिळालेत, तिने प्रश्न विचारू नयेत.